एका रात्रीचे सिनेमे

२३ जानेवारी १९७४च्या रात्री अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘द क्वेस्टर टेप्स’ हा सिनेमा लागला. एक थोर शास्त्रज्ञ गायब झाला आहे. मागे राहिलेत त्याने काढलेले यंत्रमानवाचे आराखडे आणि त्या यंत्रमानवाच्या मेंदूत भरायची एक फीत. फितीवर नेमकं काय आहे हे शोधायच्या खटपटीत विद्यापीठातली तज्ज्ञ मंडळी निम्मी फीत पुसून बसतात. यंत्रमानव जागा होतो, पण अर्धवट. चालता-बोलता येतं, डोकं संगणकासारखं चालतं, मात्र आपल्याला कोणी घडवलं आणि कशासाठी, याचा पत्ता नाही. मग तो आपल्या निर्मात्याच्या शोधात निघतो. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांनी जीन कून यांच्यासोबत ही पटकथा लिहिली होती.

टीव्हीसाठी म्हणून निघालेल्या त्या काळच्या विज्ञानपटांची कहाणी या क्वेस्टरपेक्षा फार वेगळी नाही. हे सिनेमे थिएटरात लागायचे नव्हते. एका ठरावीक रात्री, ठरावीक वेळी ते घरोघरी दिसायचे आणि संपायचे. उन्हाळ्यात फार तर एकदा पुन्हा, मग स्थानिक केंद्रांवर अपरात्री केव्हातरी. कोणी ते जपून ठेवील, विकत घेईल, पन्नास वर्षांनी पुन्हा लावून बघेल, असं ते काढणाऱ्यांच्याही मनात नव्हतं. पुढे व्हिडिओ कॅसेट आली, डीव्हीडी आली, ब्लू-रे आली आणि यातल्या काहींना दुसरा जन्म मिळाला. कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, हे मात्र सिनेमा किती चांगला यावर फारसं ठरलं नाही. तो फिल्मवर होता की टेपवर, हक्कांचे कागद कोणाकडे होते, मध्ये गाणं कोणाचं वाजत होतं, असल्या रुक्ष गोष्टींनी ते ठरवलं.

भाडं परवडेना, म्हणून घरचा सिनेमा

१९६१च्या सप्टेंबरात एनबीसीने शनिवारी रात्री हॉलिवूडचे गाजलेले सिनेमे दाखवायला सुरुवात केली. प्रेक्षक लोटले, तशा बाकीच्या वाहिन्याही त्यात उतरल्या. मागणी वाढली की भाव वाढतो. १९६६ साली ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ दाखवण्यासाठी एबीसीने सुमारे २० लाख डॉलर मोजले. एवढ्या पैशात स्वतःचे चार-पाच सिनेमे निघतील, हा हिशेब मग सगळ्यांनाच सुचू लागला. एनबीसी आणि युनिव्हर्सल स्टुडिओ यांनी त्याची सुरुवात १९६४मध्येच केली होती. ७ ऑक्टोबर १९६४ रोजी दाखवलेला ‘सी हाउ दे रन’ हा खास टीव्हीसाठी काढलेला पहिला सिनेमा मानला जातो.

या प्रकाराला खरा जोर आला तो एबीसीच्या ‘मूव्ही ऑफ द वीक’मुळे. २३ सप्टेंबर १९६९ला हा उपक्रम सुरू झाला आणि १९७५पर्यंत चालला. दर आठवड्याला नवा सिनेमा, दीड तासाच्या जागेत. जाहिराती वगळल्या की हातात उरायची जेमतेम ७४ मिनिटं. खर्च चार-साडेचार लाख डॉलर, चित्रीकरण दोन-एक आठवड्यांत उरकायचं. बरेचसे सिनेमे म्हणजे पुढच्या मालिकेची चाचणी असायची. लोकांना आवडलं तर मालिका, नाही तर एवढ्यावरच खेळ खलास.

चाचणी यशस्वी झाल्याचं ठळक उदाहरण म्हणजे ७ मार्च १९७३चा ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’. मार्टिन केडिन यांच्या ‘सायबॉर्ग’ या कादंबरीवरून तो निघाला आणि त्याची मालिका जगभर गेली. क्वेस्टरच्या वाट्याला ते आलं नाही. त्याचा माणूस-सोबती मालिकेत नको, असा वाहिनीचा आग्रह होता. रॉडनबेरींना तो पटला नाही आणि मालिका बारगळली. पण माणूस होऊ पाहणारा यंत्रमानव काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’मधला डेटा हा क्वेस्टरचाच वंशज.

चार पैशांतलं अंतराळ

इतक्या कमी पैशांत परग्रह, अवकाशयानं, भविष्यातली शहरं कुठून आणायची? इथे लेखकांची डोकी चालली. १९७३च्या ‘द स्ट्रेंजर’मध्ये एक अंतराळवीर कोसळतो आणि रुग्णालयात शुद्धीवर येतो. सगळं पृथ्वीसारखंच. तीच माणसं, त्याच मोटारी, तेच रस्ते. फक्त काहीतरी खटकत राहतं. मग एका रात्री तो आकाशाकडे बघतो, तर तिथे तीन चंद्र. परग्रह उभा करायचा खर्च किती, तर दोन जादा चंद्रांचा. बाकी सगळं काम रोजच्या अमेरिकेनेच केलं.

१९७०च्या ‘द लव्ह वॉर’मध्ये दोन ग्रह पृथ्वीच्या मालकीसाठी लढतात, पण सैन्यं, तोफा काही नाही. दोन्हीकडचे मोजके लढवय्ये माणसांच्या रूपात एका लहान गावात उतरतात. खरा शत्रू ओळखायचा तर डोळ्यांवर खास चष्मा चढवावा लागतो. एका चष्म्यात अख्खं आंतरग्रहीय युद्ध बसवलं आहे.

या युक्तीचा कळस म्हणजे २ फेब्रुवारी १९७४चा ‘किलडोझर’. विज्ञानकथाकार थिओडोर स्टर्जन यांच्या १९४४ सालच्या दीर्घकथेवर तो बेतला आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडच्या एका बेटावर बांधकामाची टोळी आली आहे. कॅटरपिलरचा डी-९ बुलडोझर जमीन उकरताना एका उल्केला धडकतो. उल्केतून निळसर उजेड निघतो, घुमल्यासारखा आवाज येतो आणि त्यातली शक्ती यंत्रात शिरते. परग्रहवासी दाखवायचं काम इथेच संपलं. पुढे सिनेमाभर आपण बघतो तो एक पिवळा, अजस्र बुलडोझर. चालवायला कोणी नाही आणि तरी तो माणसांच्या मागावर आहे. गंमत अशी की बुलडोझर हे काही चपळ वाहन नव्हे. पायी पळणारा माणूसही त्याला हुलकावणी देऊ शकेल. म्हणूनच दिग्दर्शक जेरी लंडन यांना कॅमेरा सतत खाली, जमिनीलगत ठेवावा लागतो, पातं पडदाभर दिसेल असा. हसू आणि धास्ती यांच्या मधल्या दोरीवर हा सिनेमा ७४ मिनिटं चालतो. व्हिडिओवर त्याला जे भक्त मिळाले ते याच दोरीमुळे.

रॉडनबेरींचा ‘जेनेसिस टू’ही याच काळातला, मार्च १९७३चा, सीबीएस वाहिनीवरचा. १९७९ साली गोठवून ठेवलेला शास्त्रज्ञ २१३३ साली जागा होतो. त्याला भेटणाऱ्या एका नव्या मानवजातीला दोन हृदयं आणि दोन बेंब्या असतात. यामागचा किस्सा असा सांगतात, की ‘स्टार ट्रेक’च्या वेळी अभिनेत्री मॅरिएट हार्टली हिची बेंबी दाखवायला वाहिनीने मनाई केली होती. म्हणून रॉडनबेरींनी या वेळी तिला व्याजासकट दोन दिल्या. सीबीएसने मालिका काही घेतली नाही. मग हीच कल्पना नटसंच बदलून १९७४मध्ये एबीसीवर ‘प्लॅनेट अर्थ’ म्हणून आली. तिचीही मालिका झाली नाही.

फिल्म टिकली, टेप पुसली

वर सांगितलेले अमेरिकी सिनेमे आज बघता येतात याचं मुख्य कारण साधं आहे. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी ते ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर काढले होते. घरातल्या टीव्हीवर त्यातला तपशील निम्माही दिसत नसे, पण निगेटिव्हमध्ये तो होता. स्टुडिओच्या गोदामात ती निगेटिव्ह पडून राहिली. चाळीस वर्षांनी कोणी ती बाहेर काढून स्कॅन केली, तेव्हा पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांनी कधी पाहिलं नव्हतं इतकं लख्ख चित्र समोर आलं.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळी होती. तिथे टीव्हीचं नाटक म्हणजे स्टुडिओतून थेट प्रक्षेपण. बीबीसीने १२ डिसेंबर १९५४ रोजी ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ सादर केली. नायक पीटर कुशिंग, पटकथा नायजेल नील यांची, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टिए यांचं. छळाचे प्रसंग बघून एवढा गदारोळ झाला की विषय ब्रिटिश संसदेत गेला. चार दिवसांनी, १६ तारखेला पुनःप्रक्षेपण ठरलं होतं. पण पुन्हा दाखवायला होतं काय? रविवारचा खेळ तर हवेत विरून गेला होता. म्हणून सगळे नट पुन्हा स्टुडिओत आले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा उभे राहिले. या दुसऱ्या वेळी टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण करण्यात आलं. आज आपल्याकडे जे आहे ते हे गुरुवारचं चित्रण. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ते अधिकृतपणे डिस्कवर आणलं २०२२ साली, म्हणजे ६७ वर्षांनी.

पडद्यावरून चित्रण करण्याच्या या पद्धतीचे प्रताप बघायचे असतील तर त्याच नील-कार्टिए जोडीची १९५३ची ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ बघावी. ही सहा भागांची मालिका, पण तिचे पहिले दोनच भाग उरले आहेत. दुसऱ्या भागात अंतराळातून परतलेल्या माणसाचं गूढ रंगात आलेलं असताना पडद्यावर एक किडा दिसतो. तो कथेतला नाही. चित्रण चालू असताना तो खऱ्याखुऱ्या टीव्हीच्या काचेवर बसला होता आणि कथेसोबत कायमचा फिल्मवर उतरला. चित्राचा दर्जा बघून बीबीसीने उरलेल्या चार भागांचं चित्रणच केलं नाही. २००५ साली डीव्हीडी निघाली तेव्हा ते दोन भाग जसेच्या तसे आले, किड्यासह.

१९५६मध्ये अमेरिकेच्या अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या टेपवर चित्र साठवणारं यंत्र बाजारात आणलं आणि थेट प्रक्षेपणाची सक्ती संपली. पण टेप म्हणजे पाटी. लिहा, दाखवा, पुसा, पुन्हा लिहा. एकेक रीळ महागडं; नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम वाटेल तितक्या वेळा दाखवताही येत नसे. मग दाखवून झालेला कार्यक्रम ठेवायचा कशाला? बीबीसीत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ही पुसापुशी चालू होती.

२९ जुलै १९६८ला दाखवलेल्या नायजेल नील यांच्या ‘द इयर ऑफ द सेक्स ऑलिम्पिक्स’चं नशीब यातच लिहिलं गेलं. भविष्यातली सत्ता जनतेला टीव्हीपुढे बसवून गप्प ठेवते. लोकांना हसवायला नवं काही सुचेनासं झाल्यावर एका कुटुंबाला ओसाड बेटावर सोडतात आणि त्यांचे हाल रात्रंदिवस दाखवतात. ‘बिग ब्रदर’ छापाचे कार्यक्रम येण्याच्या तीसेक वर्षं आधी हे लिहून झालं होतं. बीबीसीवर रंग नुकतेच आले होते आणि या नाटकात ते हात सैल सोडून वापरले होते. भडक कपडे, चेहऱ्यांवर भडक रंगरंगोटी. त्या समाजाचा पोकळपणा दाखवायचं ते एक साधनच होतं. रंगीत टेप पुसली गेली. उरली ती १६ मिलिमीटरची कृष्णधवल प्रत. २००३ साली डीव्हीडीवर आली ती तीच. प्रेक्षकाला रंग मनातल्या मनात भरून घ्यावे लागतात.

एक स्वप्न, एक गाणं आणि वीस वर्षं

हक्कांच्या कागदांनी एखाद्या सिनेमाचं काय होऊ शकतं याचा धडा ‘द लेद ऑफ हेवन’मध्ये मिळतो. उर्सुला ले ग्वीन यांच्या १९७१च्या कादंबरीवरचा हा सिनेमा न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईटी या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राने काढला. ९ जानेवारी १९८० रोजी तो पीबीएसवर देशभर दिसला. दिग्दर्शक डेव्हिड लॉक्स्टन आणि फ्रेड बारझिक. खर्च सुमारे अडीच लाख डॉलर, म्हणजे व्यापारी वाहिनीच्या टीव्ही-सिनेमापेक्षाही कमी. सेट उभारायला पैसे नव्हते, म्हणून डॅलसमधल्या नव्या काँक्रीटच्या आणि काचेच्या इमारतींनाच भविष्यातलं शहर करून टाकलं. नटांच्या निवडीपासून पटकथेच्या फेरलेखनापर्यंत ले ग्वीन स्वतः सोबत होत्या.

जॉर्ज ऑर या साध्यासुध्या माणसाची स्वप्नं खरी होतात. नुसती खरी होत नाहीत, तर मागचा इतिहासही बदलून टाकतात आणि बदल झाला हे त्याच्याखेरीज कोणाला आठवत नाही. उपचारासाठी तो डॉ. हेबर यांच्याकडे जातो. डॉक्टर जगाचं भलं करायला निघालेला माणूस. तो जॉर्जला संमोहित करून हवी ती स्वप्नं पाडून घेतो. लोकसंख्या कमी व्हावी म्हणावं, तर महामारीने अब्जावधी माणसं गेलेली असतात. वंशभेद मिटावा म्हणावं, तर सगळ्यांची कातडी करडी होते. माणसांनी आपापसात लढणं थांबवावं म्हणावं, तर परग्रहवासी हल्ला करतात आणि माणसं एक होतात. समुद्री कासवांसारखे दिसणारे हे परग्रहवासी शेवटी माणसांपेक्षा समंजस निघतात. सिनेमात मोठे चमत्कार नाहीत. डॉक्टरच्या कचेरीतल्या वस्तू बदलतात, खिडकीबाहेरचं शहर बदलतं, जॉर्ज डोळे उघडतो आणि त्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळतं की पुन्हा काहीतरी बिघडलं. १९८१च्या ह्यूगो पुरस्कारासाठी तो नामांकित झाला, ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’च्या शेजारी बसून.

१९८८ साली पीबीएसचे पुनःप्रक्षेपणाचे हक्क संपले आणि सिनेमा गायब झाला. लोक पत्रं पाठवत राहिले. पीबीएसकडे सर्वाधिक मागणी आलेला कार्यक्रम म्हणून त्याचा उल्लेख होतो. पण पुन्हा दाखवायचं तर मूळ निर्मितीतल्या प्रत्येकाशी नव्याने करार हवा होता, संगीतकाराशी वेगळा करार हवा होता आणि सगळ्यांत मोठी अडचण होती ती बीटल्सची. ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ हे त्यांचं गाणं सिनेमात वाजतं. ते सजावट म्हणून घातलेलं नाही. कादंबरीतच ते कथेच्या वळणावर येतं. ते काढलं तर गोष्टच लंगडी होते. टीव्हीवर एकदा वाजवायचे पैसे आणि घरोघरी विकायच्या कॅसेटवर घालायचे पैसे यांत जमीन-अस्मानाचं अंतर. १९७९-८०मध्ये सार्वजनिक केंद्रावर करार करणाऱ्यांनी घरच्या व्हिडिओचा विचार कशाला केला असेल?

हक्कांचा हा गुंता कधी सुटायचा नाही असं धरून चाललेल्या पीबीएसने मूळ प्रतही संग्रहात जपली नव्हती. शेवटी २००० साली कॅसेट आणि डीव्हीडी निघाली ती प्रक्षेपणाच्या एका व्हिडिओटेपवरून, साफसूफ करून. चित्र मऊ, रंग किंचित पसरलेले. बीटल्सच्या आवाजाऐवजी तेच गाणं दुसऱ्या गायकांच्या आवाजात. सोबत बिल मॉयर्स यांनी घेतलेली ले ग्वीन यांची मुलाखत. जॉर्ज जागा होतो तेव्हा जग तेच असतं, पण एखाददुसरी गोष्ट बदललेली असते आणि ती फक्त त्यालाच खटकते. १९८०मध्ये हा सिनेमा पाहिलेल्यांना २०००ची डिस्क लावल्यावर नेमकं तसंच झालं असणार.

गाण्यापायी अडकलेला हा एकटाच सिनेमा नव्हे. शेफील्ड शहरावर अणुबॉम्ब पडल्यावर काय होईल हे दाखवणारा बीबीसीचा ‘थ्रेड्स’ २३ सप्टेंबर १९८४ला लागला. १९८७मध्ये त्याची कॅसेट आली तेव्हा चक बेरी यांच्या ‘जॉनी बी. गुड’ची मूळ ध्वनिमुद्रिका काढून तिथे दुसरी घालावी लागली. सुरुवातीच्या निवेदनामागचं रिचर्ड श्ट्राउस यांचं ‘आल्पाइन सिंफनी’ही गेलं. ते परत आलं २०१८च्या अमेरिकी ब्लू-रेवर.

यातली खरी प्रत कोणती?

थिएटरातल्या सिनेमाची एक ठरलेली प्रत असते. टीव्हीच्या सिनेमाचं तसं नाही. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ड्युएल’ काटेकोरपणे विज्ञानपट नाही, पण त्याचे लेखक रिचर्ड मॅथेसन विज्ञानकथेतले मानकरी आणि ‘किलडोझर’शी त्याची भावकी उघड आहे. १३ नोव्हेंबर १९७१ला तो एबीसीवर लागला. १३ दिवसांत चित्रित झालेला, ७४ मिनिटांचा. त्याचा इतका बोलबाला झाला की युनिव्हर्सलने तो युरोपातल्या थिएटरांत लावायचं ठरवलं. पण तिकीट काढून आलेल्याला ७४ मिनिटांत घरी कसं पाठवायचं? म्हणून स्पीलबर्गनी नव्याने प्रसंग काढले. घरातून बाहेर पडणारी गाडी, बायकोशी फोनवरचं बोलणं, बंद पडलेली शाळेची बस, रेल्वे फाटकावरचा जीवघेणा क्षण. सिनेमा ९० मिनिटांचा झाला आणि पुढे कॅसेटवर, डीव्हीडीवर बहुतेकांनी पाहिला तो हाच. टीव्हीवर जो गाजला तो ७४ मिनिटांचा ‘ड्युएल’ मात्र बराच काळ अडगळीत पडला.

चौकटीचंही तसंच. जुना टीव्ही जवळपास चौकोनी, चारास तीन. थिएटरचा पडदा रुंद. टीव्हीचा सिनेमा रुंद पडद्यावर न्यायचा तर वरचा-खालचा भाग कापावा लागतो. घरोघरी रुंद टीव्ही आल्यावर काही कंपन्यांनी डिस्कवरही तेच केलं, कारण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की गिऱ्हाईक तक्रार करतं. सिनेमा चौकोनी चौकटीसाठी रचलेला असेल, तर पट्ट्या असलेलीच प्रत खरी, एवढं लक्षात ठेवावं.

जाहिरातींची गोष्ट याहून बारीक आहे. या सिनेमांची पटकथाच जाहिरातींच्या हिशेबाने लिहिलेली असे. दर दहा-बारा मिनिटांनी एक धक्का, मग अंधार, मग साबणाची जाहिरात. डिस्कवर साबण जातो, अंधार राहतो. नव्या प्रेक्षकाला कळत नाही की हा सिनेमा मधूनमधून असा दचकतो का. २० नोव्हेंबर १९८३च्या ‘द डे आफ्टर’ने तर या रचनेचाच उपयोग करून घेतला. कॅन्ससवर अणुबॉम्ब पडेपर्यंत जाहिराती होत्या, त्यानंतर एकही नाही. सुमारे १० कोटी अमेरिकी प्रेक्षकांना त्या रात्री उसंत अशी मिळालीच नाही. डिस्कवर जाहिराती आधीपासूनच नसल्याने हा परिणाम कितीही चांगल्या प्रतीत पुन्हा येत नाही.

जपणूक नीट झाली की काय मिळतं, त्याचा दाखला जर्मनीतला. राइनर वेर्नर फासबिंडर यांनी डब्ल्यूडीआर या टीव्ही केंद्रासाठी काढलेला ‘वेल्ट आम ड्राट’ १४ आणि १६ ऑक्टोबर १९७३ रोजी दोन भागांत दाखवला गेला. डॅनिएल गलुई यांच्या १९६४च्या कादंबरीवरचा हा सिनेमा. संगणकाच्या आत हजारो माणसांचं आख्खं जग चालू आहे, त्यांना वाटतं आपण खरे आहोत. ते जग चालवणाऱ्याला हळूहळू शंका येते, की आपलंही जग कोणीतरी चालवत असेल तर? ‘द मेट्रिक्स’च्या २६ वर्षं आधीची ही गोष्ट. छायाचित्रकार मिखाएल बालहाउस यांनी जिथे तिथे आरसे आणि काचा वापरल्या. बोलणारा माणूस खरा की त्याचं प्रतिबिंब, हे ठरवताना आपलीच तारांबळ उडते. चित्रण १६ मिलिमीटरचं, पण निगेटिव्ह शाबूत. फासबिंडर प्रतिष्ठानने बालहाउस यांच्याच देखरेखीखाली तिची डागडुजी केली, २०१०च्या बर्लिन महोत्सवात ती प्रत दाखवली आणि १९७३मध्ये दोन रात्रींचा पाहुणा असलेला हा सिनेमा जगभरच्या अभ्यासकांच्या यादीत जाऊन बसला. २०१२ साली क्रायटेरियन कंपनीने त्याची ब्लू-रे आणली.

घरची टेप आणि कोर्टाचा निकाल

हे सगळं शक्य झालं ते घरच्या व्हिडिओमुळे, आणि त्याला सुरुवातीला विरोध होता तो टीव्हीसाठी ढिगाने सिनेमे काढणाऱ्या युनिव्हर्सलचाच. सोनीचं बीटामॅक्स १९७५मध्ये आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६मध्ये. कार्यक्रम घरी टेप करणं म्हणजे चोरी, असं म्हणत युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६मध्ये सोनीला कोर्टात खेचलं. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला: प्रेक्षकाने आपल्या सवडीने बघण्यासाठी टेप करण्यात गैर काही नाही. तोवर हजारो घरांत टेपा साठल्याच होत्या. कॅसेटवरून कॅसेट काढली की चित्र दर वेळी खालावतं. तरीही ज्यांची अधिकृत प्रत निघाली नाही असे कित्येक टीव्ही-सिनेमे दशकानुदशकं जगले ते असल्या धुरकट टेपांवर, आणि स्थानिक केंद्रांसाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रती जपणाऱ्या हौशी संग्राहकांकडे.

मार्च २००९मध्ये वॉर्नरने नवी वाट काढली. हजारो प्रती छापून दुकानांत ठेवायच्या नाहीत; मागणी आली की तेवढीच डिस्क तयार करून पाठवायची. ‘जेनेसिस टू’ आणि ‘प्लॅनेट अर्थ’ असेच आले. छापील डिस्कपेक्षा या जाळून केलेल्या डिस्कचं आयुष्य कमी भरवशाचं, पण नसण्यापेक्षा बरी.

आपल्याकडच्या शौकिनाने परदेशी डिस्क मागवताना दोन गोष्टी बघाव्यात. डीव्हीडीच्या वाटणीत अमेरिका विभाग १ आणि भारत विभाग ५. ब्लू-रेत अमेरिका ए आणि भारत सी. सगळे विभाग चालवणारं यंत्र नसेल तर डिस्क नुसतीच शोभेची. दुसरं, ब्रिटनसारख्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या देशांतल्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींची फिल्म २५च्या वेगाने धावते. त्यामुळे ७४ मिनिटांचा सिनेमा ७१ मिनिटांत संपतो आणि वेष्टनावर लांबी कमी दिसते. काहीही कापलेलं नसतं.

या सगळ्यातून एक विचित्र नियम हाती लागतो. जो सिनेमा आपल्या काळातल्या जितक्या नव्या तंत्रावर विसंबला, तितका तो धोक्यात आला. टेप हे नवं तंत्र होतं, ती पुसली गेली. रंग नवे होते, ते गेले आणि कृष्णधवल उरलं. १९८०च्या दशकात अमेरिकेत चित्रण फिल्मवरच होई, पण संकलन आणि चमत्कृतीची दृश्यं टेपवर होऊ लागली, आणि त्या टेपवर चित्राच्या पाचशेही रेषा नव्हत्या. त्यामुळे १९७४चा ‘किलडोझर’ निगेटिव्हवरून सरळ ब्लू-रेवर येतो, आणि १९८७ची ‘द नेक्स्ट जनरेशन’ त्या दर्जाला आणायची तर मूळ निगेटिव्हचे तुकडे शोधून भागामागून भाग नव्याने जोडावे लागतात, चमत्कृती पुन्हा घडवाव्या लागतात. २०१२पासून ते केलंही गेलं, पण ‘स्टार ट्रेक’एवढं नाव नसलेल्या एकुलत्या एका टीव्ही-सिनेमासाठी असा खर्च कोण करणार?

म्हणून साठ-सत्तरच्या दशकातला एखादा टीव्ही-विज्ञानपट ‘अभिजात’ म्हणून आपल्यापुढे येतो, तेव्हा तो उत्तम होता यासोबतच तो सुदैवी होता हेही मानायला हवं. त्याच्याइतकाच चांगला आणखी एखादा असेल, ज्याची टेप फुटबॉलचा सामना साठवायला वापरली गेली. भविष्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी आपल्याच सिनेमाच्या भविष्याची सोय केली नव्हती. ती करून ठेवली गोदामातल्या कारकुनांनी, घरी टेप करणाऱ्या प्रेक्षकांनी आणि दोन इंची टेप पुसायला विसरलेल्या एखाद्या तंत्रज्ञाने.